इस्त्रीवाल्या मावशीचे पाय

मावशीला कुत्र्यांची फार आवड आहे, असं कुणी म्हटलं की ती आधी त्या माणसाला झापायची. "आवड कसली डोंबलाची? तीस वर्षं उभ्याने इस्त्री केली, कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, चाला. आता नुसतं काय चालायचं रिकामटेकड्यासारखं? हातात काहीतरी काम नको?" ते काहीतरी काम म्हणजे शेजारपाजारच्यांची तीन कुत्री फिरवणं. आवड नव्हती म्हणे, पण त्यातल्या एकाला शिंक आली तरी हिला जेवण जायचं नाही.

तिघांची नावं तिनेच पाडलेली. मालकांनी ठेवलेली नावं तिच्या तोंडात बसत नव्हती. लहानखुरा, पांढरा, दिसेल त्याच्याशी वाद घालणारा तो वकील. गोल, आळशी, दर शंभर पावलांवर बसकण मारणारी ती ठमी. आणि उंच, तपकिरी, म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव साहेब. साहेब कधी भुंकायचा नाही, ओढायचा नाही. डाव्या बाजूला, मावशीच्या गुडघ्याला गुडघा लावून, मान वर करून चालायचा. त्याला ती शिस्त लावली होती घड्याळवाल्या दादांच्या बायकोने. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. दादांचा गुडघा कामातून गेलेला, दोन जिने उतरणं त्यांच्या जिवावर येई. घरातच टेबलापाशी बसून ते घड्याळं दुरुस्त करत आणि साहेब मावशीच्या स्वाधीन.

फिरायचा रस्ता मात्र झकास होता. कालव्याच्या कडेने साडेचार किलोमीटर सलग फरसबंदी, गाड्यांना बंदी. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला बंद पडलेली सूतगिरणी. दुतर्फा झाडं लावली होती, पण ती अजून माणसाच्या खांद्याला लागत होती. त्यांच्या सावलीत फार तर वकील मावला असता. बाकी सगळं ऊनच ऊन. थंडीच्या दिवसांत ते ऊन पाठीला बरं वाटे. म्हातारी माणसं बाकांवर बसून ते खात असत. ऋतू पालटला की तीच फरशी तव्यासारखी तापे, आणि कुत्र्यांच्या पायांत काही चपला नसतात.

ते मावशीला कुणी सांगायची गरज नव्हती. उष्णता हा तिचा प्रांत. लाँड्रीत असताना ती इस्त्री गालाजवळ न्यायची आणि सांगायची, आता रेशमाला चालेल, आता सुतीलाच. तीस वर्षांत तिच्या हातून एका कपड्याला डाग पडला नाही, आणि ही गोष्ट ती ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. हातांची कातडी वाफेने आणि चटक्यांनी राठ झाली होती, म्हणून फरशीची परीक्षा ती पायाने करायची. रस्त्याच्या तोंडाशी थांबायचं, उजव्या पायातली चप्पल काढायची, अनवाणी पाय फरशीवर ठेवायचा आणि मोठ्याने दहा मोजायचे. दहापर्यंत पाय टिकला तर चला. नाही टिकला तर कडेच्या गवतातून एक चक्कर मारून घरी. तिचे आकडे सुरू झाले की वकीलसुद्धा गप्प बसे. येणारे-जाणारे हसत. हसेनात का!

त्या दिवशीही तिने दहा मोजले. अकरा वाजत आले होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाय टिकला. तिला तर फरशी चांगली गार वाटली. "चला रे," म्हणून ती निघाली.

वकील पहिल्याच वळणावर गवतात पळाला आणि काही केल्या बाहेर येईना. ठमीने तर गवतातच अंग टाकलं. "आज संप आहे का तुमचा?" मावशी म्हणाली. साहेब तेवढा फरशीवरून, डाव्या बाजूने, मुकाट चालत होता. अर्ध्या वाटेवर, पुलापाशी, तोही रेंगाळायला लागला. एक पाय उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. तिथे नळ टाकायला खणणारे तीन मजूर होते. ते रोज कुत्र्यांसाठी घमेल्यात पाणी भरून ठेवायचे. साहेब पाणी प्यायला नाही, घमेल्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभा राहिला. मावशीला हसू आलं आणि मग थोडा रागही आला. "या वयात ही नाटकं? तू तरी शहाण्यासारखं वाग!" असं म्हणून तिने पट्टा ओढला. साहेबाने पाय बाहेर काढले आणि परत डाव्या बाजूला येऊन चालायला लागला.

संध्याकाळी दादांचा फोन आला. साहेब उठत नाही, पाय चाटतोय, हात लावू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी त्याला टॅक्सीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोजकी. तिने साहेबाचे चारही पाय उलटे करून पाहिले. खालच्या गाद्यांचं कातडं सुटलं होतं.

"दादा म्हणत होते, पुलापाशी खणतात तिथे गरम डांबर सांडलं असेल," मावशी म्हणाली.

"डांबर असतं तर चिकटून राहिलं असतं. हा तापलेल्या फरशीवर चाललाय."

"शक्यच नाही! मी स्वतः अनवाणी उभी राहून दहा मोजलेत."

डॉक्टरीण पायांना मलम लावत होती. ती थांबली. "मावशी, तुमचा पाय बघू."

"माझा? मी काय कुत्री आहे?"

"बसा त्या स्टुलावर."

मावशीने कुरकुरत चप्पल काढली. उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, कडेने लाल झालं होतं. मावशी त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तशी बघत राहिली.

"डोळे मिटा," डॉक्टरीण म्हणाली. "मी टोचलं की सांगा."

मावशीने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. "अगं, टोच की," ती म्हणाली.

"चार वेळा टोचलं."

मावशीने डोळे उघडले ते सरळ साहेबाकडे गेले. तो टेबलावर पडून तिच्याकडेच बघत होता, शेपूट हलवत. काल त्याने घमेल्यात पाय घातले होते ते काय सांगायला, हे तिला आता कळलं. आणि आपण त्याला नाटकं म्हणालो. ती तिथेच, त्या स्टुलावर, पदर तोंडाला लावून रडली. डॉक्टरिणीने तिला रडू दिलं आणि तेवढ्यात तिच्याही पायाला पट्टी बांधून टाकली.

पुढचं माणसांच्या डॉक्टरने सांगितलं. साखर होती, बरीच वर्षं असावी. पायांच्या नसा गेल्या होत्या. आता अनवाणी चालायचं नाही, रोज तळवे आरशात बघायचे, बूट घालण्याआधी आत हात घालून तपासायचं. मावशीने सगळ्याला मान डोलावली. ऐकलं किती, देव जाणे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की हे कळलं तर आपल्या हातात कुत्रं कोण देणार?

सून औषधांच्या दुकानात कामाला होती, व्यवहाराला पक्की. तिने सासूला पांढरे बंद बूट आणले, गोळ्यांचे डबे लावून दिले आणि वर सल्लाही दिला. "कुणाला काही सांगत बसू नका आई. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथून पुढे लवकर जा, ऊन चढायच्या आत. झालं. कुणाला काय कळतंय?"

मावशीला ते पटलं. निदान आठ दिवस तरी पटलं. वकील आणि ठमीला ती सकाळी लवकर नेऊन आणायची. साहेबाच्या पायांना पट्ट्या होत्या, तो घरी होता. दादांचा रोज फोन यायचा आणि ती रोज म्हणायची, "कसा आहे हो तो?" आणि फोन ठेवला की तिला जेवण जायचं नाही.

नवव्या दिवशी दादा म्हणाले, "बाई, जरा येऊन जा. मी त्या खणणाऱ्यांवर तक्रार लिहिली आहे. मुक्या जिवाला डांबरात पोळवतात म्हणजे काय? डॉक्टरीण काहीही म्हणू दे, दुसरं कारणच नाही, तुम्ही तर दहा मोजल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तुम्ही होतात तिथे. साक्षीदार म्हणून खाली सही करा. कामावरून जातील तेव्हा समजेल त्यांना."

मावशीला ते तीन मजूर आठवले, त्यांचं ते घमेलं आठवलं. ती तशीच निघाली.

दारात बूट काढून ती आत गेली. साहेब टेबलाखाली होता, पट्टी बांधलेल्या पायांनी उठायला बघत होता. "पड रे, पड," ती म्हणाली. दादांनी कागद पुढे केला. अक्षर अगदी सुबक, ओळी सरळ. मावशीने तो वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"डांबर नव्हतं, दादा. मीच पोळवलं त्याला."

"म्हणजे?"

"फरशी तापली होती. मला समजलीच नाही. साखरेनं माझे पाय गेलेत. टाचणी टोचली तरी कळत नाही. तो मला सांगत होता हो, पाय उचलून उचलून सांगत होता. मी त्याच्यावर ओरडले, वर पट्टा ओढला." तिने एका दमात सगळं सांगितलं. सूनबाईचा सल्लासुद्धा सांगून टाकला. डॉक्टरने काय काय पाळायला सांगितलंय तेही, शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा.

टेबलावर पाच-सहा घड्याळं आपापली टिकटिक करत होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस!" ते एवढ्या मोठ्याने बोलले की साहेबाने कान टवकारले. "आठ दिवस मी त्या तिघांना शिव्या घालतोय! माझ्या बायकोचा कुत्रा आहे तो, बाई. तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे. तुमच्यावर विश्वास टाकून मी वरून नुसता खिडकीतून बघत बसतो."

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. आणखी काय म्हणणार? पिशवीतून तिने साहेबाचा पट्टा काढला, नीट गुंडाळला आणि कागदावर ठेवला. साहेबाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने तिची बोटं चाटली, ते तिला सहन होईना. ती दाराकडे वळली आणि घाईघाईने बुटात पाय घालायला लागली.

"थांबा!" दादा म्हणाले.

"जाऊ द्या दादा, आता काय थांबायचं?"

"थांबा म्हटलं ना. आता मला काय सांगितलंत? बूट घालण्याआधी काय करायचं?"

मावशीने पाय मागे घेतला. दादा खुर्चीचा हात धरून उठले. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आले आणि दुखरा गुडघा सरळ ठेवून, दात-ओठ खात, कसेबसे उंबऱ्यापाशी खाली बसले. त्यांनी डाव्या बुटात हात घातला, बोटांपर्यंत चाचपून पाहिलं, ठेवून दिला. मग उजव्या बुटात घातला. आत काहीतरी सापडलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन उजेडात धरलं. हरभऱ्याएवढा, टोकदार खडा.

"हा घेऊन दोन जिने चढून आलात?"

मावशीने खड्याकडे पाहिलं. मग आपल्या पट्टीकडे. पट्टीवर लाल डाग पडला होता.

"तो बोलत नाही, त्याला तोंड नाही," दादा म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता. "तुम्हाला आहे ना? त्याचे पाय तुमच्या भरवशावर टाकले मी. तुमचे कुणाच्या भरवशावर आहेत?"

मावशीने तो खडा त्यांच्या तळहातावरून उचलला.

"त्याला बरं वाटायला आणखी आठ-दहा दिवस लागतील," ते पुढे म्हणाले. "तोवर मी जिना उतरायची सवय करतो. रस्त्याच्या तोंडापर्यंत येईन, त्याच्यापुढे मला जमायचं नाही. फरशीला हात मी लावीन. मी हो म्हटलं तर न्यायचं, नाही म्हटलं तर परत फिरायचं. वाद घालायचा नाही. आणि बूट माझ्यासमोर झाडायचे."

"दादा, तुमचा गुडघा—"

"माझ्या गुडघ्याचं मी बघतो. तो दुखतो तरी." त्यांनी बुटाची नाडी सैल केली आणि बूट तिच्यापुढे सरळ धरला. "घाला."

मावशीने त्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि हळूच पाय आत सरकवला. दादांनी नाडी बांधली, टाचेपाशी बोट घालून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "लागत नाही ना कुठे?"

"मला काय माहीत?" मावशी म्हणाली.

दादांना आधी हसू फुटलं, मग तिला. टेबलाखालून साहेब लंगडत आला आणि दोघांच्या मध्ये येऊन बसला. मावशी हसता हसता रडायला लागली आणि दादांच्या खांद्यावरचा हात काढायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.