साकु की हाकु?

बंगळुरातल्या के. आर. पुरम स्टेशनच्या रुळांवर धुकं अजून लोळत होतं आणि वसुमतीअक्काच्या चुलीवर साराला उकळी फुटली होती. अक्काची खानावळ म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी. रांधायला लेक नयना असली तरी वाढायचं अक्कानंच. "माझ्या हातचं वाढणं खाल्लं की माणूस परत येतो," असं ती म्हणायची.

पण गुंडो हमाल परत आला नव्हता. बिचारा त्या दिवशी जेवताना "साकु अक्का, साकु" म्हणत होता. कानडीत साकु म्हणजे पुरे. अक्काला ऐकू आलं हाकु, म्हणजे वाढ. तिनं वाढलं. तो ओरडला, "साकु!" तिनं आणखी ओगराळंभर ओतलं. सार पानावरून थेट नव्या प्यांटीवर.

"चेष्टा करतीस काय, म्हातारे?" म्हणून गेला, तो गेलाच.

"आई, आता तू आतच बस. मी वाढते," नयना म्हणाली.

अक्काला हे सारापेक्षा जास्त पोळलं. "बहिरी न्हाई मी! रेल्वे ऐकू येती, तुझी बडबडबी येती."

तरी नयनानं तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. तपासणीत जाड आवाज अक्काला कळले. बारीक, शिट्टीसारखे कळलेच नाहीत.

"तरुणपणी काय काम करत होता?"

"रेशमाच्या मागावर. नुसता खडखडाट. शेजारणीशी बोलायचं तर हातवारे."

बाईंनी टेबलावरचा प्लास्टरचा कान उघडला. "आवाज आला की हा पडदा थरथरतो. मागं तीन इवलाली हाडं. ती थरथर पुढं ढकलतात, या गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत. आत पाणी, आणि केसाळ पेशी. पाणी हललं की केस हलतात आणि मेंदूला सांगावा जातो. बारीक आवाजाच्या पेशी दारातच असतात, जाड आवाजाच्या आत खोल."

"म्हंजे उंबऱ्याची फरशी आधी झिजती, तसं?"

"तसंच. मागानं दारातल्या झिजवल्या. त्या परत उगवत नाहीत. 'स' म्हणजे नुसता बारीक वारा. तो गळतो, साकुचं उरतं 'आकु', आणि तुम्हाला वाटतं हाकु. कानाचं यंत्र लावून बघू. थोडा फरक पडेल."

"तवर माझं वाढणं?"

बाई यंत्राची चिठ्ठी लिहायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये अक्का पुटपुटत होती. "साकु, बस, स्वल्प... सगळ्या मेल्यांत 'स'च! नयना, पुरे म्हण बघू."

"पुरे."

"परत."

"पुरे गं बाई!"

"हे येतंय की लख्ख!"

दुसऱ्या दिवशी अक्का स्टेशनात जाऊन गुंडोला धरूनच घेऊन आली. "कान झिजलेत रे माझे. चेष्टा न्हवती. आजपास्नं माझ्याकडं मराठीत पोट भरायचं. पुरे म्हणायचं."

"सरी, बरं अक्का. पुरे."

शेजारच्या बाकड्यावरचं नवं गिऱ्हाईक उजळलं. "पुरी? इवत्तु... आज पुरी आहे?"

सगळी खानावळ हसली. अक्काला विनोद कळला नाही, हसणं कळलं. तिनं गुंडोच्या भातावर सार ओतायला घेतलं.

"पुरे, अक्का! पुरे!"

ओगराळं हवेतच थांबलं. नयना दारातून बघत होती, ती आत चुलीकडं वळली.

अक्कानं साराची बादली उचलली आणि पुढच्या पानाकडं गेली.