डावीकडची जागा मोकळी होती

घरात भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी केलेला माणूस मी... काटा दाखवेल तेवढंच खरं मानणारा. तरी हे लिहितोय.

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कंपनीतली आणि गावातली पोरं मिळून आमची फुटबॉलची टीम होती. मैदान कुठलं? भातकापणी झाली की कॉलनीमागचं शेत आमचं. सगळे अनवाणी, त्यामुळे भाताची धसकटं पायात घुसायची. म्हणून रीत अशी — मॅचआधी ज्याने त्याने आपापल्या जागेची धसकटं उपटायची. मी गोलकीपर. माझ्यापुढे डावीकडे यशवंत, म्हणजे यशा. माझा जिवाभावाचा दोस्त.

त्या पावसाळ्यात यशाला कावीळ झाली. आठ दिवस दवाखान्यात होता. निरोप आला, 'तुझी आठवण काढतोय.' मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी सावकाश जाऊ. सुट्टीच्या आदल्या दिवशीच तो गेला. याला आळसाशिवाय दुसरं नाव नाही.

दिवाळीनंतर पहिली मॅच, भिसेगावच्या पोरांशी. आम्ही ठरवलं, यशाच्या जागी कुणी नको, दहाच जण खेळायचं. त्याच्या बाजूची धसकटं तशीच राहिली. उपटायला कुणाचा हात धजला नाही.

भिसेगावचा एक फॉरवर्ड भलताच चपळ होता. चार वेळा तो बॉल घेऊन त्या मोकळ्या बाजूने आला आणि चारही वेळा मध्येच थबकून बॉल दुसऱ्याला दिला. मला वाटलं, येडाच आहे! पुढे फक्त मी होतो... मॅच बरोबरीत सुटली.

नंतर बांधावर पाणी पिताना तो मला म्हणाला, "तुमचा त्यो डावीकडचा गडी कुटं गेला रं? लय आडवा आला मला."

"तिकडं कोनी नव्हतं. आमी दहाच होतो."

"चेष्टा करतो काय? उंच हाय बघ. गुडघ्याला लाल फडकं बांधल्यालं. बोलत नव्हता, नुस्ता हसत होता."

यशा गुडघ्याला लाल फडकं बांधायचा. आणि हा पोरगा आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

मी उठून तिकडे गेलो. धसकटं उपटलेली होती. मुळांना ओली माती, बांधाला नीट ढीग लावलेला. मॅच सुरू होताना ती उभी होती, मी स्वतः पाहिली होती. एकेकाला विचारलं. "आईशपथ, मी नाय रं," सगळ्यांचं एकच.

बाकीचे घाबरले. मला मात्र राग आला, रडू आलं. त्या परक्या पोराला तो दिसला, त्याच्याकडे बघून हसला. आणि मी वीस पावलांवर, तासभर तिकडेच तोंड करून उभा — मला नाही दिसला!

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर एकटाच गेलो. गोलमध्ये उभा राहिलो. हाक मारली, "यशा, चुकलो रं. बघ की इकडं." काही नाही... दिवस मावळला तसा घरी आलो.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटली? भीती कसली... त्याने एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतं.