बोर्डावरची पाणकोंबडी

चिखलोलीला आमच्या सोसायटीमागे जे तळं उरलंय, ते मी वाचवलं असं लोक म्हणतात. मी हल्ली वाद घालत नाही.

तीन बाजूंनी डंपर भराव टाकत होते. आम्ही चार-पाच पक्षीवेड्यांनी तहसील कचेरीत अर्ज केला, पक्ष्यांची यादी जोडली. तिथल्या साहेबांनी यादी बाजूला सारली. "इथे पक्षी अंडी घालतात याचा पुरावा आणा," म्हणाले. पाणकणसांच्या बेटात लाजरी पाणकोंबडी अंड्यांवर बसलीय हे मला ठाऊक होतं. पण ती नावाप्रमाणेच लाजरी, कितीही ताटकळलो तरी शेपटीपलीकडे काही दाखवीना. अंबरनाथच्या कारखान्यात माल तपासण्यात माझा जन्म गेला. पुरावा नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही, हे मीच ग्रुपवर नवशिक्यांना दरडावून सांगायचो. आपल्या हद्दीत कोणी घुसलं असं वाटून पक्षी घरटं सोडतो आणि भांडायला धावतो. त्या रविवारी मी मोबाइल बांधावर ठेवला आणि आवाज सुरू केला. एकदाच, असं स्वतःला बजावून.

ती धावत आली. पांढरीशुभ्र छाती, ताठ शेपटी. मी कॅमेऱ्याचं बटण दाबत सुटलो. आवाज थांबला तरी ती मोबाइलभोवती फिरत राहिली, तिथे नसलेल्याला शोधत. मागे कावळा उतरला तो मला दिसलाच नाही. दिसला तो चोचीत अंडं घेऊन उडताना. मग आणखी दोन आले.

घरट्याचाही फोटो मिळाला, फुटक्या कवचांसकट. पुरावा पक्का झाला.

वाडीवरची एक मावशी खेकडे धरायला आली होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने सगळं पाहिलं. "कशाला बोलावलीस तिला, सायेब?" एवढंच म्हणाली.

भराव थांबला. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. खरं काय ते मी कोणालाच सांगितलं नाही. तो आवाज मोबाइलमधून पुसून टाकला, पण सकाळी चहाचं आधण ठेवलं की ऐकू येतो. गॅलरीचं दार लावलं तरी येतो. बायको म्हणते, "अहो, बाहेर काहीच ओरडत नाहीये." तेच तर. त्या बेटातून पुन्हा पाणकोंबडी ओरडलेली नाही. मला लाज वाटते, आणि आता थोडी भीतीही वाटते.

गेल्या महिन्यात तळ्याकाठी बोर्ड लागला. त्यावर मी काढलेला तिचा फोटो आहे. मूळ फोटोत मागे पाणकणसांवर एक धूसर कावळा आहे. बोर्डासाठी पाठवताना मीच तो कापला.

परवा मावशी खेकड्यांची टोपली घेऊन बोर्डापुढे थांबली. बराच वेळ फोटो न्याहाळत होती.

"सायेब, ही तीच ना?"

"हो."

"मंग कावला कुठं गेला?"