मावशीचा गुडघा आणि मुळांतली साखर

साखरेवर इतका जीव टाकणारा आणि चहात मात्र चिमूटभरही साखर न घेणारा माणूस अख्ख्या दिंडोशीत, छे, अख्ख्या मुंबईत माझ्या मावसभावाशिवाय दुसरा सापडायचा नाही. मरोळच्या एका प्रयोगशाळेत तो औषधी वनस्पतींच्या मुळांतून साखर काढतो. "साखर म्हणजे आपली ती नव्हे!" हे त्याने माझ्या लग्नात भटजींनाही ऐकवलं. ही साखर गोड नसते म्हणे. साध्या साखरेचे कण एकमेकांचे हात धरून लांबलचक, फांद्या फुटलेली साखळी करतात आणि अशा काही साखळ्यांनी प्रयोगातल्या उंदरांची सूज उतरते. भटजी हातात अक्षता घेऊन ऐकत राहिले, आमचा मुहूर्त टळता टळता वाचला.

सूज दिसली की याची कळी खुलते. आरे कॉलनीत बस पकडताना माझा पाय मुरगळला, घोटा टम्म फुगला. मी कळवळतेय आणि हा रस्त्याकडेला उकिडवा बसून म्हणतो, "झकास! बघ गं, आत काय जोरात काम चाललंय!"

"अरे, आधी रिक्षा बघ ना!" मी किंचाळले. रिक्षा आली, पण ती सुटेना. कारण रिक्षावाल्यानेही आपलं सुजलेलं मनगट याच्यापुढे धरलं होतं.

एका रविवारी त्याने आरेतल्या पाड्यावरून शतावरीची मुळं आणली आणि आम्हाला 'साखर दाखवायला' मावशीच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मुळं उकळली, पाणी गाळलं, आटवलं, गार केलं आणि त्यात अल्कोहोल ओतलं. आणि काय सांगू! त्या गढूळ पाण्यात पांढरेशुभ्र धागे उतरायला लागले, कापूस पिंजल्यासारखे! "आई, आली! आली!" हा ओरडतोय, मीही ओरडतेय, शेजारीण बेल वाजवून कोण आलं ते विचारतेय. ते धागे वाळवून झाली दोन चमचे पूड. ती बाटलीत भरून त्याने फ्रिजवर ठेवली.

मावशीचे गुडघे गेली काही वर्षं सुजलेले. पाटावर बसणं सुटलं, जिना सुटला. बाटलीकडे बघून ती म्हणाली, "मेल्या, उंदराची सूज उतरवतंस, आवशीची कधी उतरवतलंस?"

"आई, माणसांवर चाचणी झालेली नाही. हात लावायचा नाही!"

चारच दिवसांत बाटली गायब. "मी खाल्लंय," मावशी शांतपणे म्हणाली, "पेजेत घालून."

वाट लागली! डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. पण याचा जीव थाऱ्यावर येईना. शिंप्याची टेप घेऊन तो रोज सकाळी मावशीच्या पायाशी बसायला लागला. डावा गुडघा, उजवा गुडघा, झोप लागली का, भूक कशी आहे, सगळं वहीत. एरवी आईला "येतो गं" दारातूनच सांगणारा हा प्राणी! सूज मात्र सूतभरही हलली नाही. सोळाव्या दिवशी त्याचा चेहरा इतका उतरला की मावशीलाच राहवेना. तिने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बाटली बाहेर काढली. भरलेली.

"घे तुझी साखर. मी कित्याक खातलंय? तू नको म्हटलं होतंस ना."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"पंधरा दिवस माझ्याकडे बसलंस तरी," मावशी म्हणाली.

तो बाटली उजेडात धरून हलवून बघायला लागला. मग "डब्यात ओल नव्हती ना?" एवढंच पुटपुटला आणि टेप घेऊन पुन्हा खाली बसला.

अजूनही रोज सकाळी मोजतो. त्याची साखर माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील ते त्यालाही सांगता येत नाही, आणि मावशी आता थकली आहे. हे त्याला कळतं. म्हणूनच की काय, हल्ली दोन गुडघे मोजायला त्याला फार वेळ लागतो.