आईला दिसेल असा धूर

विमान मी आधीच केलं होतं आणि ते उडतही होतं, कुणाला पटो न पटो. गवत कापायच्या मशीनचं जुनं पेट्रोल इंजिन, थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि पुण्याहून मागवलेला रिमोट. पंख एवढे लांब की माझ्या कवेत मावायचे नाहीत. माजलगावात माझं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हात कायम तेलातच. रविवारी दुकानाला कुलूप घालायचं आणि आमच्या गावाबाहेर, धरणाकडच्या माळावर विमान उडवायचं, हा माझा नेम. गावानं त्यावर किती तोंडसुख घेतलं ते सांगत बसत नाही. एकच सांगते. 'नवऱ्याकडं नांदली न्हाई, आता आभाळात नांदायला चालली,' असं तोंडावर म्हणणाऱ्या बाया होत्या. मी म्हणायचे, हो, तिथं सासू नसते.

गावाचं मला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आईचं. तिला विमान दिसायचंच नाही.

आई जन्मभर ऊसतोडीला गेली. एका हंगामात उसाच्या पात्यानं तिचं बुबुळ कापलं. आमच्याच गावचा मुकादम टोळी घेऊन कारखान्यावर जायचा. तो म्हणाला, गाडी भरल्याबिगर कुणी हलायचं नाही. ती गाडी भरली, मग दुसरी आली. दवाखाना दिसेपर्यंत डोळा पिकला होता. त्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच. दुसरा डोळा वयानं अधू झाला. त्याचं ऑपरेशन झालं, चष्मा झाला. आता तिला म्हैस दिसते, एसटी दिसते, दारात कुणी उभं असेल तर दिसतं. कावळा दिसत नाही.

तरी ती माळावर यायची. पोतं अंथरून बसायची, मान वर करून. मी सांगायचे, आता उजवीकडं बघ, आता डोक्यावर आहे. ती मान फिरवायची आणि म्हणायची, "गुरगुरायलंय खरं. पर हाय कुठं?" घरी शेजारणीनं विचारलं की सांगायची, उडतं म्हणत्यात. ते 'म्हणत्यात' मला लई लागायचं. लेकीनं केलेलं विमान, आणि आईनं ते ऐकीव गोष्टीसारखं सांगायचं! तेव्हाच ठरवलं, विमान दिसत नसेल तर त्याची वाट तरी दिसली पाहिजे. मागं पांढरी जाड रेघ सोडायची, आभाळभर.

मोबाइलवर धुराची विमानं बघितली होती. त्यांच्यासारखं सामान आपल्याला कोण देणार? पण नीट बघितलं तर सगळा खेळ नळीचा आणि पंपाचा. माझा धंदाच तो आहे. इंजिनाच्या तापलेल्या सायलेन्सरमध्ये डिझेलची बारीक धार सोडायची. आत त्याची वाफ होते आणि बाहेर गार हवा लागली की पांढरा धूर दिसतो. सोपं आहे, म्हणजे सांगायला. जुन्या जीपच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप भंगारातून आणला. टाकी म्हणून औषधाची प्लास्टिकची बाटली घेतली आणि फ्रीजमधली तांब्याची बारीक नळी जोडली. पहिल्यांदा चालू केलं तर धुराचा पत्ता नाही, नुसती शेपटी डिझेलनं न्हाऊन निघाली. डिझेल तापतच नव्हतं. मग नळी सायलेन्सरभोवती वेटोळी करून गुंडाळली, म्हणजे आत जाण्याआधीच ते गरम होईल. धूर आला, पण विडीएवढा. शेवटी सायलेन्सर कापला, आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि परत वेल्डिंग मारलं. त्या तारांच्या गुंत्यात डिझेल अडकतं आणि चांगलं तापतं. आई घरभर घासणी शोधत होती, मी गप्प.

आता जमिनीवर दणक्यात धूर निघायला लागला. पण विमान वर जाऊन वळलं की बंद. बाटली कलायची, नळीचं तोंड उघडं पडायचं आणि पंप नुसती हवा ओढायचा. मग बाटलीच्या आत मऊ रबरी नळी घातली आणि तिच्या तोंडाला पितळी नट बांधला. डिझेल जिकडं जाईल तिकडं नट, आणि नटामागं नळी. हे मला सुचलं तेव्हा दुकानात एकटीच मोठ्यानं हसले.

आईला नेण्याआधी एकदा एकटीनं बघावं म्हणून मधल्याच वारी माळावर गेले, आणि तिथं घोळ झाला. धूर असा निघाला की मीच बघत राहिले. वारं कधी फिरलं ते कळलंच नाही. सगळा धूर खाली बसला तो थेट कालव्याकडच्या उसावर. हंगामाचे दिवस, ऊस उभा. आमच्याकडं उसावर धूर दिसला की माणूस ताट सोडून उठतो. एक तर विजेच्या तारेची ठिणगी पडलेली असते, नाहीतर कुणीतरी मुद्दाम पेटवलेला असतो. जळका ऊस कारखाना आधी तोडून नेतो म्हणून आपलाच फड पेटवणारेही असतात, आणि त्यात शेजाऱ्याचाही जातो. फवारणीचे पंप, बादल्या, ओल्या फांद्या घेऊन माणसं धावत आली. आग कुठंच नाही. बांधावर मी, हातात रिमोट.

आणि ऊस कुणाचा, तर त्याच मुकादमाचा. आता तो टोळ्या नेत नाही. कालव्याखाली जमीन आहे, पारावर पुढची जागा आहे, आणि पूर्वीसारखाच आवाज आहे. धावून आलेल्यांची मी माफी मागितली, ती मनापासून. बिचारे कामं टाकून आले होते. पण मुकादमानं मला पारावर बोलावलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला. बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं, विमान माळ्यावर टाकायचं, पुन्हा शिवारात दिसलं तर ड्रोनवाली म्हणून पोलिसात देतो. चोर ड्रोन फिरवतात अशी आवई तेव्हा गावोगाव उठलेली होतीच. लोकांनी माना हलवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, एक करपलेलं पान दाखवा. कुणी दाखवलं नाही. मग मी सांगितलं, वारं बघितलं नाही ही माझी चूक, ती परत होणार नाही. पण रविवारी उडवणार.

घरी आई घाबरलेली. "जाऊ दे माय," ती म्हणाली, "त्येच्या नादी लागू नको. म्या बघितलंय त्येला." जन्मभर या माणसापुढं तिनं मान वर केली नव्हती. मला तिचा राग आला, खरंच आला. मी विचारलं, तुला बघायचंय का नाही? ती चाचपत चाचपत भाजी निवडत राहिली.

रविवारी मी गाडीवर विमान बांधत होते तर ती धुवट लुगडं नेसून, काठी घेऊन दारात बसलेली. चल म्हणावं लागलं नाही.

माळावर निम्मं गाव आलं होतं. विमान बघायला नाही, भांडण बघायला. मी काठीला चिंधी बांधून वारं बघितलं. धरणाकडं वाहत होतं, उसाकडं पाठ करून. आईला पोत्यावर बसवलं, इंजिन चालू केलं, आणि मुकादमाची जीप आली. तो सरळ आमच्यापुढं येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. बंद कर म्हणाला. तोवर विमान जमीन सोडून पाण्याकडं गेलं होतं. त्यानं माझ्या बापाचा उद्धार केला, तालुक्याच्या साहेबाला फोन लावतो म्हणाला. मी नजर आभाळावरनं हलवली नाही. विमान वळवून मी पाण्यावरनं आमच्यासमोर आडवं घेतलं आणि बोटानं पंपाचा खटका दाबला.

धूर सुटला. पांढरा, दाट, आभाळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आई काठीवर जोर देऊन अर्धी उठली. मान एकदा इकडं केली, एकदा तिकडं. मुकादम बरोबर तिच्यासमोर उभा होता, बोलायचा थांबत नव्हता.

"मुकादम," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "एक डोळा तुमच्या गाडीपायी गेला. ह्या एकानं मला दिसायलंय. सरका."

तो सरकला. टाकी रिकामी होईस्तोवर मी धूर सोडत राहिले.