तंबूतली माणसं आणि माझं चुकलेलं उत्तर

“बंदिस्त विचारशैली म्हणतात ती हीच,” मॅडम म्हणाल्या आणि माझा पेपर वर्गापुढे उंच धरला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. मान खाली घालून बसलेली वर्गात मी एकटीच होते.

नगरचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष, स्पेशल इंग्रजी. मॅडमचं पीएच.डी.चं काम चाललेलं. माणसाचा स्वभाव आणि विचार करायची पद्धत, यांचा परकी भाषा वाचून कळण्याशी काय संबंध, हा त्यांचा विषय. त्यासाठी आम्हाला आधी स्वभावाचे प्रश्न दिले, मग एक इंग्रजी उतारा. स्वभावाच्या प्रश्नांना नुसती खूण करायची होती. मला वाटलं, एवढं आपुलकीनं विचारतायत तर नीट सांगावं. मी प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहिलं.

तीच कारणं मॅडमनी वाचून दाखवली. “निर्णय स्वतः घेता का? कधीच नाही. टोळीत मुकादम घेतो, घरी आबा घेतात.” वर्ग हसला. “एकटं राहायला आवडतं का? माहीत नाही, कधी राहिले नाही.” अजून हसला. “नवीन ठिकाणी जायला आवडतं का? आवडतं का म्हणून कुणी विचारत नाही, दसरा झाला की जावंच लागतं.” पुढच्या बाकावरची पोरगी हसता हसता डोळे पुसत होती. लाजेनं मीही थोडी हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग उतारा. एक कुटुंब नदीकाठी तंबू ठोकून राहतं. आई तीन दगडांवर स्वयंपाक करते, बाप लाकडं गोळा करतो, पोरं नदीत डुंबतात, सगळी भुईवर झोपतात. प्रश्न होता, हे लोक तिथं का आले? मी लिहिलं, कामाला आले. काम संपलं की पुढच्या गावाला जातील. पोरं एवढी खुश का? मी लिहिलं, आज आईबाप लवकर सुटले म्हणून. इंग्रजीत एकही चूक नव्हती. मॅडमनी तेही सांगितलं, पण असं, की जणू तेच जास्त वाईट.

“शब्द सगळे कळलेत. अर्थ शून्य. अगं, ते सुट्टीला आलेत, मजा करायला. स्वभावच परावलंबी असेल तर माणूस ओळींच्या पलीकडे जाऊच शकत नाही. हा अभ्यासाचा प्रश्न नाही. पिंडाचा प्रश्न आहे.”

पिंडाचा. अंगाची लाही लाही झाली, पण मी मान वर केली नाही. कारण आतून मला ते पटलं होतं. तंबूत मजेसाठी राहतात, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मला वाटलं, खरंच आपल्यात काहीतरी कमी आहे.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडं. आई-आबा ऊस तोडायला श्रीगोंद्याकडं जातात, कारखाना बंद होईपर्यंत तिकडंच, उसाच्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत. मी तिथंच वाढले. आमच्यात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला कामच मिळत नाही, म्हणून पोरी लवकर उजवतात. आबांनी मला एकच सूट दिली होती. “इंग्रजीची मास्तरीन होनार आसशील तर शीक. न्हाईतर यंदा लगीन.” म्हणजे माझ्यासाठी इंग्रजी सुटलं की हातात कोयता आला.

त्या संध्याकाळी आईला फोन लावला. विचारलं, “आये, घर आसताना मानसं मजेसाठी पालात ऱ्हात्यात का गं?”

“कोन म्हनलं?”

“पुस्तकात हाय.”

आईनं भाकरी थापल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “आसत्याल बाई. आपल्याला कुनी सांगितलंच न्हाई, तर कळायचं कसं?”

तिनं सहज म्हटलं आणि भाकरीकडं वळली. मी मात्र फोन हातात धरून तशीच बसले. कुणी सांगितलंच नाही. आणि न सांगता कळलं नाही म्हणून भर वर्गात माझा पिंड काढला. दिवसभर दाबलेली चीड वर आली. लाज गेली. अशी गेली की परत आली नाही.

चार दिवसांनी मॅडमनी विभागात बोलावलं. टेबलावर विषय बदलायचा अर्ज, भरून तयार. फक्त माझी सही बाकी. आवाज अगदी मायेचा. “इतिहास घे. तुझ्या भल्यासाठीच सांगते.”

मी म्हटलं, “मॅडम, ते मजेला आले, हे उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे?”

“ते लिहावं लागत नाही. ते कळतं.”

“कुणाला?”

“उद्धटपणा नको.”

 तरी बोलले. “तुमची सुट्टी मी बघितली नाही, आमची कोपी तुम्ही बघितली नाही. न कळणं दोघींचं आहे. मग पिंड माझाच का काढता?”

 मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि दुसरे पेपर पुढं ओढले. अर्ज मी तिथंच ठेवला, सही न करता.

बदललं काहीच नाही. त्यांच्या प्रबंधात मी परावलंबीच राहणार. वर्गात माझ्याशेजारी कुणी बसत नाही. आबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “मंग पास हो. न्हाईतर माझा इलाज न्हाई.” त्यांचंही खोटं नाही.

पण इंग्रजी मी सोडणार नाही. मॅडम, तुम्हाला हवं ते उत्तर मी आता शिकून घेतेय. परीक्षेत तेही लिहीन, कारण मला पास व्हायचंय. त्याच्या वरच्या ओळीत माझं उत्तर लिहीन. खोडायचं तर तुम्ही खोडा. मी खोडणार नाही. आणि का खोडलंत ते भर वर्गात विचारल्याशिवाय बाकावरून उठणार नाही.