रामरावांची आगाऊ श्रद्धांजली

दि. १ जुलै २०२४ रोजी भालचंद्र कस्तुरे यांनी साहित्याच्या खात्यात पहिली रक्कम भरली: रुपये दोन हजार तीनशे साठ. पैकी दोन हजार शुल्क आणि तीनशे साठ जीएसटी. ऑनलाइन लेखन कार्यशाळेवरही कर लागतो हे पाहून त्यांना धीर आला. ज्या गोष्टीवर सरकार कर घेतं ती गोष्ट खरी असते, असा बी.कॉम. झाल्यापासूनचा त्यांचा विश्वास होता.

भालचंद्र देऊळगाव राजातल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. कापूस घेऊन येणारे शेतकरी त्यांना मुनीमजी म्हणत. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. निवृत्त माणसाला छंद नसला की तो बायकोच्या फोडणीत लक्ष घालू लागतो, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिलं होतं. प्रतिमाबाईंनी ते त्यांच्याही आधी पाहिलं होतं. त्यामुळे लेखक होण्याचा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. कापसाचा हंगाम संपलेला, यंत्रं थांबलेली, ऑफिसात वेळच वेळ.

कार्यशाळा पुण्याच्या अनुपमा मॅडम घेत. पहिल्याच दिवशी त्या पडद्यावरून म्हणाल्या, "कसं लिहायचं ते मी शिकवीन, पण कशावर लिहायचं ते तुमचं तुम्हीच शोधायचं. कोणत्या विषयानं तुमची झोप उडते, ते मला लिहून पाठवा."

भालचंद्रांनी प्रामाणिकपणे लिहून पाठवलं, "मार्चअखेर."

मॅडमनी हसरा चेहरा पाठवला आणि आणखी खोल शोधायला सांगितलं.

भालचंद्रांनी शोध पद्धतशीर घ्यायचं ठरवलं. लेखक बहुधा कशाकशावर लिहितात हे पाहून निसर्ग, प्रेम आणि माती असा क्रम लावला. निसर्गासाठी एका रविवारी ते प्रतिमाबाईंना घेऊन लोणारला गेले. सरोवरावर त्यांनी जो लेख लिहिला त्यात व्यास होता, खोली होती, पायऱ्या होत्या, गाडी लावायची सोय कुठे आहे तेही होतं. मॅडमनी विचारलं, "माहिती छान आहे, पण या लेखात तुम्ही कुठे आहात? तुम्ही खरंच तिथं होतात का?" भालचंद्रांनी पुरावा म्हणून एसटीच्या दोन्ही तिकिटांचा फोटो पाठवला.

मग प्रेम. प्रतिमाबाईंच्या वाढदिवशी त्यांनी नागमोडी बटा आणि हरिणीचे डोळे असलेली कविता त्यांच्या हाती दिली. प्रतिमाबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कोण आहे ही?"

"तूच."

"टायफॉइड झाल्यापासून माझ्या बटा राहिल्यात कुठे? खरं सांगा, जिनिंगमध्ये कोणी नवीन लागलंय का?"

प्रेमाचं खातं त्याच दिवशी बंद झालं. राहता राहिली माती. तिच्यासाठी ते शाळासोबती भागवतच्या शेतात गेले. भागवतचं शेत गावाला लागूनच. भालचंद्रांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि कपाशीच्या दोन ओळींमध्ये पाय रोवून डोळे मिटले. भागवतनं लांबून पाहिलं आणि जवळ आला.

"काऊन बे भाल्या, काय करून राह्यला?"

"मातीचा स्पर्श अनुभवतोय."

"सकाळीच युरिया टाकला तिथं. अनुभव झाला असंन तं पाय धुऊन घे."

तीन विषय संपले आणि पैसे परत मिळण्याची सोय नियमांत नव्हती. अशा वेळी शेजारच्या झुंबरबाई वारल्या.

आपल्या भागात एक रीत आहे. चितेला अग्नी दिला की लोक तिथंच बसतात, माईक सुरू होतो आणि शोकसभा होते. देऊळगावात तो माईक वर्षानुवर्षं निवृत्त शिक्षक गोविंदराव सरांच्या हातात असे. सरांचं भाषण एकच होतं. मेलेला माणूस मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक असे आणि त्याच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होई. सावकाराच्या जाण्यानं झाली तेवढीच पोकळी त्याच्या कुळाच्या जाण्यानंही होई, हा त्यातला समतेचा भाग. लोकही निर्धास्त असत. आपल्याविषयी काय बोललं जाणार हे प्रत्येकाला जिवंतपणीच ठाऊक होतं.

त्या दिवशी सर लग्नाला परगावी गेले होते. कोणीतरी म्हणालं, "मुनीमजी हल्ली लिहितात म्हणे," आणि माईक भालचंद्रांच्या हातात आला. त्यांना मनमिळाऊच्या पुढचं काही आठवेना. म्हणून जे माहीत होतं तेच त्यांनी सांगितलं. झुंबरबाईंनी उभ्या जन्मात शेजारचं पातेलं रिकामं परत केलं नाही आणि शेजाऱ्याशी भांडण अर्धवट सोडलं नाही. कोणाच्या घरी आज वरणाला फोडणी कशाची, हे त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगत. कोणाच्या घरी फोडणीच बसली नाही, हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. पदराखाली ताट झाकून त्या घरी नेऊन दिलं. लोक आधी हसले. झुंबरबाईंचा मुलगाही हसला आणि मग हमसून हमसून रडला.

घरी येऊन अंघोळ होताच भालचंद्रांनी ते सगळं लिहून काढलं. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. मार्चअखेर सोडून असं पहिल्यांदाच होत होतं. मॅडमचं उत्तर आलं, "सापडला तुमचा विषय! माणसं!"

भालचंद्रांनी मनातल्या मनात दुरुस्ती केली: मेलेली माणसं.

विषय सापडला, पण कच्चा माल आपल्या हातात नाही, ही अडचण होती. भालचंद्र वर्तमानपत्र आता निधन वार्तांपासून वाचू लागले. रस्त्यात कोणी म्हातारं भेटलं की तब्येत विचारत, आणि ती चांगली निघाली की "वा" म्हणत, पण तो "वा" थोडा उशिरा येई. बाजारात एकानं तर, "मी बरा आहो मुनीमजी, दुसरीकडं पाहा," असं सांगून पिशवी उचलली.

मग त्यांच्यातला हिशेबनीस लेखकाच्या मदतीला आला. बुडीत उधारीसाठी तरतूद आधी करतात, बुडाल्यावर नाही. ऑगस्टमध्ये भागवतचे वडील रामराव यांना छातीच्या दुखण्यासाठी जालन्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा भालचंद्रांनी तरतुदीला सुरुवात केली. भेटायला जाताना त्यांनी नारळपाणी नेलं आणि भागवतला बाहेरच्या बाकावर गाठलं.

"आबांना गोडात काय आवडायचं रे?"

"आवडायचं?" भागवतनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "अजून आवडते बे. सकाळीच जिलबी मांगून राह्यले व्हते."

रामराव आठवड्याभरात घरी आले. भालचंद्रांना आनंद झाला, पण खरं सांगायचं तर त्या आनंदात थोडी वजावट होती. भाषण तयार होतं. आजवर लिहिलेल्यांत ते सर्वांत उत्तम होतं आणि ते एकदा तरी माईकवर वाचायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी रामरावांनी मरावं असं त्यांना वाटत नव्हतं. पण दुसरा मार्गही दिसत नव्हता.

भागवतच्या पोटात गोष्ट राहत नसे. चौथ्याच दिवशी निरोप आला: आबांनी बोलावलं आहे, लिहिलेलं घेऊन या.

रामराव ओसरीवर खाटेवर बसले होते. अंग उतरलं होतं, पण आवाज होता तसाच होता.

"या मुनीमजी. मी मेल्यावर तुमी काय बोलनार हा, ते मले आयकाचं हाय. वाचा."

भालचंद्रांनी फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली. रामराव मनमिळाऊ नव्हते, हे पहिलं वाक्य. रामरावांनी मान डोलावली. हातभर रुंदीच्या धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, ते सख्ख्या भावाशी बावीस वर्षं भांडले आणि जिंकल्यावर त्या पट्टीत त्यांनी काहीच पेरलं नाही, हे दुसरं.

"बराबर," रामराव म्हणाले. "पन लई आखूड लिवलं. हायकोर्टापर्यंत गेलो व्हतो मी. घाला तेबी."

मग शेवटचा भाग आला. लेक पुष्पांजली सासरी निघाली तेव्हा रामराव तिला बसवायला बसस्टँडवर आले होते. भालचंद्र तेव्हा तिथंच गाडीची वाट पाहत उभे होते. जालन्याची गाडी सुटली. रामरावांनी पानठेल्याकडं तोंड फिरवलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि लगेच वळून गाड्या उशिरा सुटतात म्हणून कंट्रोलरला फैलावर घेतलं. त्या दिवशी गाडी अगदी वेळेवर सुटली होती.

दाराशी उभा असलेला भागवत हळूच म्हणाला, "आबा, तुमी रडले व्हते?"

"तू चहाचं पाहा," रामराव म्हणाले. तो आत गेल्यावर ते खाटेच्या कडेला सरकले. "रडलो ते काढा."

"बाकी काय सांगाल ते काढतो, रामराव. ते नाही."

"काऊन नाही? सारा गाव भेते मले. तुमी माईकवर सांगसान का मी रडलो, मंग धुऱ्यावर कोन भेईन?"

"तेव्हा तुम्ही नसाल ना."

"मी नसीन. धुरा तं राहीन!"

भालचंद्र आयुष्यात कोणाला नाही म्हणाले नव्हते. मालकाला नाही, ऑडिटरला नाही, प्रतिमाबाईंना तर नाहीच. पण एवढी ओळ काढली तर उरलेलं भाषण म्हणजे गोविंदराव सरांचंच, फक्त उलट बाजूनं. त्यांनी फोन खिशात घातला आणि मान हलवली.

"ठीक हाय," रामराव आत ऐकू जाईल असं ओरडले. "भागवत! मी गेल्यावर माईक गोविंदराव सराले द्याचा. मुनीमजीनं याचं, दोन मिनिटं उभं राह्याचं, अन् घरी जाचं."

घरी येऊन भालचंद्रांनी प्रतिमाबाईंना सगळं सांगितलं.

"एक ओळच ना? टाका काढून," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तसंही तिथं ऐकतं कोण? निम्मे तर फोनवर असतात."

"वाचू का तुला?"

"वाचा."

त्यांनी वाचलं. कुकरच्या शिट्टीत मधलं काही ऐकू गेलं नाही, म्हणून प्रतिमाबाईंनी गॅस बंद केला आणि परत वाचायला लावलं. मग त्यांनी मेथीची तीच काडी दोनदा मोडली.

"नका काढू," त्या म्हणाल्या. "माईक गेला तर गेला."

पुढचे काही दिवस भालचंद्रांनी काहीच लिहिलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा, विषय आहे पण परवानगी नाही, असं कळवलं. मॅडमनी हसरा चेहरा पाठवला.

पोळा झाल्यावर रामरावांचा पुन्हा निरोप आला. या वेळी ओसरीवर भागवत नव्हता; त्याला मुद्दाम बाजारात पाठवलेलं होतं.

"ते वाचा परत," रामराव म्हणाले.

"धुऱ्याचं?"

"ते पाठ हाय मले. बसस्टँडचं वाचा."

भालचंद्रांनी वाचलं. रामराव समोरच्या कडूनिंबाकडं पाहत ऐकत होते.

"चुकलं हाय," ते शेवटी म्हणाले.

"काय चुकलं?"

"गाडी जालन्याची नव्हती, बुलढान्याची व्हती. पुष्पी डीएडले चालली व्हती. तिचं लगन मंग दोन सालानं झालं." ते थांबले. "सासरी लावतानी काय, सारेच रडतात. पोरीले शिकाले काऊन धाडता म्हनून भाऊ बोलला, सारा गाव बोलला. म्याबी चार दिस नाहीच म्हनलं. मंग गाडीत बसली तं तिनं मांगं वळून नाही पाहिलं. एकडाव बी नाही. तवा रडलो."

भालचंद्रांनी तिथंच फोनवर दुरुस्ती केली आणि पुन्हा वाचून दाखवलं. रामरावांनी एक शब्द बदलायला लावला, मग तो परत पहिल्यासारखा करायला लावला.

"आता माईकचं काय?" भालचंद्रांनी विचारलं.

"मरन माह्यं हाय. घाई तुमाले काऊन?" रामराव म्हणाले. "येका कागदावर टाइप करून आना. तीन प्रती. येक पुष्पीले धाडाची हाय, जितेपनी. पैसे देतो मी."

भालचंद्रांनी तहसीलजवळच्या टायपिंगवाल्याकडून तीन प्रती करून आणल्या आणि पोहोचत्या केल्या. त्यांतली एक जालन्याला, पुष्पांजलीच्या सासरी गेली. त्यानंतर त्यांनी भागवतवर लिहायला घेतलं. त्याला सर्दीसुद्धा झालेली नव्हती.

रामराव ठणठणीत आहेत. टायपिंगचे नव्वद रुपये त्यांच्याकडून अजून यायचे आहेत.